कुशनला पिळाची दोरी लावताना

ताई, पहिल्यांदाच दोरी लावताय तर मशीनवर बसू नका, हातानेच टाका घाला. बाजारातली रेशमी पिळाची दोरी कापली की लगेच उसवते. म्हणून जिथे कापायचं तिथे आधी सेलोटेप घट्ट गुंडाळा आणि टेपच्या मधोमध कात्री चालवा. 16 इंची कुशनच्या चारी बाजू मिळून 64 इंच होतात, पण मी 70 इंच घेते.

खरं कसब टाक्यात आहे. सुई दोरीच्या दोन पदरांमधल्या खाचेतून काढा, मग शिवणीवरचे कापडाचे दोन-तीन धागे उचला आणि दोरा हलकेच ओढा. दोरीच्याच रंगाचा दोरा असेल तर तो पिळात पार लपतो. पाव-पाव इंचावर एक टाका पुरे. दोरी मात्र अजिबात ताणू नका! माझ्या पहिल्या अभ्र्याची अख्खी कड ताणामुळे चुण्या पडून आकसली होती, सगळी उसवावी लागली. कोपऱ्यावर टाके जवळजवळ घ्या.

शेवटी शिवण अर्धा-एक इंच उसवून दोन्ही टोकं आत सरकवा, वरून घट्ट शिवा. आणि हो, दोरी सुती असेल तर आधी भिजवून वाळवा, ती आटते.