आशिया शिकवायचा तर देश नको, एक प्रवासी घ्या

वाचनालयात दर शनिवारी येणाऱ्या पाचवी ते सातवीच्या मुलांना आशियाचा इतिहास आणि संस्कृती शिकवायची आहे, तर आठवड्याला एक देश घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. मी शाळेत इतिहास शिकवते आणि देशवार आशियाचं काय होतं ते चांगलंच पाहिलंय. चीन म्हणजे भिंत, जपान म्हणजे किमोनो, इराण म्हणजे गालिचा. राजधानी, चलन, झेंडा, की संपला तास. स्नेहसंमेलनात चार मुली कागदी पंखे घेऊन नाचल्या की पालकही खूश. पण या देशांचा एकमेकांशी आणि आपल्याशी काही संबंध होता, हे मुलांच्या गावीही नसतं.

त्यापेक्षा एक माणूस घ्या आणि त्याला नकाशावर चालवा. मी युआन श्वांग घेते, बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारतात आलेला सातव्या शतकातला चिनी भिक्खू. पाठ्यपुस्तकात तो हर्षवर्धनाच्या जोडीला येतो आणि ‘जोड्या लावा’पुरता उरतो. खरं तर पाचवीतलं पोरही तासभर जागचं हलणार नाही, असा हा माणूस आहे. साधारण ६२९ साली सरहद्द ओलांडायला बंदी असताना तो चीनमधून लपतछपत निघतो. गोबीच्या वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटते आणि सगळं पाणी वाळूत जातं. चार रात्री आणि पाच दिवस घशाखाली थेंब नाही. शेवटी त्याचा म्हातारा घोडा वाट सोडून भलतीकडेच निघतो आणि त्याला गवत-पाण्यापाशी नेऊन उभा करतो. पुढे वाळवंटापलीकडच्या तुर्फानचा राजा त्याच्यावर इतका खूश होतो की त्याला सोडायलाच तयार नाही. हा अन्नपाणी बंद करतो. ‘बाई, हे तर उपोषण!’ असं कुणीतरी म्हणतंच. राजा नमतो आणि वाटेतल्या राजांसाठी पत्रं, भेटवस्तू आणि घोडे देऊन त्याची रवानगी करतो.

नकाशा मात्र प्राकृतिक घ्या, राजकीय नको. रंगीबेरंगी देश दिसले की मुलं पुन्हा झेंड्यांवर जातात. आधी तो निघाला ते चीनमधलं शिआन ते बिहारमधलं नालंदा अशी सरळ पट्टी ठेवायला सांगा. मग त्याचा खरा रस्ता लोकरीने लावा: तुर्फान, कुचा, तिएनशानचे बर्फाळ घाट, इसिक-कुल सरोवर, समरकंद, बाल्ख, बामियान, गांधार आणि मग गंगेचं खोरं. एवढा वळसा कशाला? हे तुम्ही सांगू नका, त्यांना शोधू द्या. तिबेटचं पठार, हिमालय, मधे पसरलेलं तक्लामकानचं वाळवंट आणि त्याच्या कडेने जिथे पाणी तिथे वसलेली गावं बोटाखाली आली, की रेशीममार्ग असा का गेला हे वेगळं शिकवावं लागत नाही. यावर दोन शनिवार गेले तरी जाऊ द्या.

बामियानला थांबावंच लागतं. तिथल्या डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती, एक ५५ मीटरची आणि एक ३८ मीटरची, त्याने पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या उडवल्या. मुलं ‘का?’ विचारतात. टाळू नका, पण या उत्तराची गाडी कुठल्या एका धर्मावर घसरू देऊ नका. तिथलीच मुसलमान वस्ती शतकानुशतकं त्या मूर्तींच्या पायथ्याशी राहत होती, हेही सांगा.

मग तो महाराष्ट्रात येतो आणि वर्गाचा नूर पालटतो. इथले लोक साधे पण मानी, उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, असं तो लिहितो. त्यातही आधी शत्रूला निरोप धाडतात, त्याने शस्त्र घेतलं की मगच लढतात. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. हर्षाला इथला चालुक्य राजा पुलकेशी नमवता आला नाही. एवढं ऐकून पोरांच्या माना ताठ होतात. तेव्हाच पुढचं वाक्य वाचा: हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे देतात, आणि त्या लाजेने तो जीव देतो. आमच्या वर्गात मुली चिडल्या. बायकांचे कपडे म्हणजे अपमान कसा? त्या दिवशी माझं नियोजन बाजूला राहिलं आणि चर्चा झकास झाली.

परक्याने आपल्याबद्दल लिहिलेलं वाचलं की मुलांना आणखी एक गोष्ट कळते: लिहिणाराही कुठून तरी पाहत असतो. हा भिक्खू. जाईल तिथे मठ आणि भिक्खू मोजतो. बाजारातली बाई किंवा खेळणारी मुलं त्याच्या पुस्तकात क्वचितच दिसतात. ‘त्याने काय लिहिलं नाही?’ हा प्रश्न प्रत्येक मुक्कामाला विचारा.

जमलं तर अजिंठ्याची सहल काढा. महाराष्ट्रातल्या एका डोंगरातल्या मठाचं तो वर्णन करतो, दाराबाहेर दोन बाजूंना दगडी हत्ती असल्याचं सांगतो. तो मठ म्हणजे अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सोळा क्रमांकाच्या लेण्याच्या पायऱ्यांशी दोन हत्ती आहेत. मुलांना आधी काही सांगू नका, उतारा हातात द्या आणि हत्ती शोधायला लावा.

एका गोष्टीपासून सांभाळा. ‘सगळ्या आशियाला आपणच शिकवलं’ हे वाक्य फार चटकन तोंडात येतं, पालकांच्या तर हमखास. मी त्यावर वज्रसूत्र या बौद्ध ग्रंथाच्या एका जुन्या प्रतीचं चित्र दाखवते. मूळ ग्रंथ संस्कृत. चिनी भाषांतर करणारा कुमारजीव जन्मला कुचात, त्याचे वडील भारतातले. ते भाषांतर चीनमध्ये लाकडी ठशांनी कागदावर छापलं गेलं ८६८ साली. तारीख छापलेलं, आज हाती असलेलं हे जगातलं सर्वांत जुनं संपूर्ण पुस्तक. पाचेक मीटरची गुंडाळी, चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडली, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. शेवटी छापलंय की वांग जिए नावाच्या माणसाने आईवडिलांसाठी, सर्वांना फुकट वाटायला हे करवून घेतलं. विचार इकडचा, कागद आणि छपाई तिकडची. कोण गुरू आणि कोण चेला, हे मुलांनाच ठरवू दे.

पाचवीच्या मुलांना महायान पंथ वगैरे सांगत बसू नका. त्यांना ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी कार्टूनमधला गोकू दाखवा. युआन श्वांगच्या प्रवासावरून चीनमध्ये पुढे अद्भुत कथा रचल्या गेल्या, त्यात त्याच्या सोबतीला एक उपद्व्यापी माकड आलं, आणि गोकू त्या माकडावरूनच बेतलेला आहे. परतताना सिंधू नदीत होडी हेलकावली आणि काही पोथ्यांबरोबर त्याने जमवलेलं फुलांचं बी वाहून गेलं, हेही या वयात फार लक्षात राहतं. तरीही ६५७ ग्रंथ त्याने ६४५ मध्ये घरी पोचवले.

हे संपलं की समुद्राने येणारा पाहुणा घ्या. पंधराव्या शतकातला अफानासी निकितिन रशियाचा, पण आला इराण आणि होर्मुझवरून, विकायला एक घोडा घेऊन. कोकणात चौल बंदरात उतरला, पावसाळा जुन्नरला काढला आणि तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला. चौलशेजारच्या रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. तुमचं वाचनालय कोकणात किंवा मुंबई-पुण्याकडे असेल, तर अजिंठ्यापेक्षा ही सहल स्वस्तात होईल.