अटकेपार गेलेला शनिवारवाडा

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालो आणि जुन्या पुण्यातल्या हौदांवर वर्डप्रेसमध्ये एक छोटी वेबसाइट केली. भाच्याने नकाशाचं प्लगइन बसवून दिलं होतं. खुणेवर बोट ठेवलं की त्या हौदाचा फोटो उघडायचा. गेल्या महिन्यापासून नकाशा काळवंडलाय आणि त्यावर जागोजागी ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’ असं उमटतंय. भाचा परदेशी. प्लगइन काढून पुन्हा घातलं, फरक नाही. एकूण चौदा ठिकाणं आहेत. काय करू?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : प्लगइन बिचारं निर्दोष आहे, त्याला परत परत काढू-घालू नका. नकाशा प्लगइनच्या पोटात नसतो. ते तो दुसरीकडून मागवतं आणि तुमच्या खुणा वर टाचतं. गूगलकडून मागवायचा असेल तर २०१८पासून एपीआय की (गूगलने तुमच्या साइटला दिलेली अक्षरांची चावी) आणि तिच्यामागे कार्ड जोडलेलं बिलिंग खातं लागतं. खातं नाही किंवा बंद पडलं, की तुम्हाला दिसतोय तो काळपट चौकोन. भाच्याच्या कार्डाची मुदत संपली असणार, असा माझा अंदाज. तुमच्याएवढ्या वापराला दर महिन्याची मोफत मर्यादा सहज पुरते, पण कार्ड जोडल्याशिवाय दार उघडत नाही.

चौदा हौदांसाठी मी तरी कार्ड जोडणार नाही. ओपनस्ट्रीटमॅप वापरा. २००४मध्ये सुरू झालेला हा नकाशा जगभरचे लोक हौसेने भरतात. वर्डप्रेसच्या ‘प्लगइन जोडा’मध्ये ‘लीफलेट मॅप’ शोधा. फुकट आहे, चावी मागत नाही. पानावर चौकटी कंसात एक शॉर्टकोड (प्लगइनला दिलेली छोटी सूचना) नकाशाचा आणि मग प्रत्येक हौदाचा एकेक. खुणेच्या शॉर्टकोडच्या पोटात फोटो आणि दोन ओळी लिहायच्या. पासबुकं जुळवलेल्या माणसाला एका दुपारचं काम. नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपचं नाव बारीक अक्षरात येतं, ते ‘दिसायला बरं नाही’ म्हणून पुसू नका. नकाशा फुकट मिळतो तो त्याच अटीवर.

खरी मेहनत आकड्यांत आहे. दर खुणेला दोन आकडे लागतात, अक्षांश आणि रेखांश. पुण्यात पहिला साडेअठराच्या आसपास, दुसरा पावणेचौऱ्याहत्तरच्या पुढेमागे. मी एकदा ओळखीच्या मंडळींना पेठांमधल्या फेरीचा नकाशा करून दिला. आकडे एका जिओजेसन फाइलमधून (नकाशावरच्या जागा नोंदवायचा एक प्रकार) उचलले. त्या फाइलमध्ये रेखांश आधी लिहायची पद्धत, प्लगइनच्या रकान्यात मात्र अक्षांश आधी. मी आहेत तसे चिकटवले. रात्री नकाशा उघडला तर पुण्यात एकही खूण नाही. झूम मागे घेत घेत गेले, तेव्हा शनिवारवाडा सापडला नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या खाली, भर समुद्रात. आई मागे उभी होती. म्हणाली, “अटकेपार ऐकलं होतं गं, पण हे जरा जास्तच झालं.”

दशांशांकडेही लक्ष द्या. १८.५१ असं दोनच आकड्यांवर थांबलात तर फरक साधारण एक किलोमीटरचा, म्हणजे काळा हौद कुठल्याही पेठेत निघेल. चार आकड्यांवर अकरा मीटर. डोंगरावरच्या देवळाला अकरा मीटर चालतात, पेठेत मात्र तेवढ्यात दुसऱ्याचा वाडा येतो. त्याच्या दारात रविवारी सकाळी अनोळखी लोक जमले तर काय पाटी लागेल ते मी सदाशिव पेठेतल्या माणसाला सांगायला नको. पाच आकडे घ्या, मीटरभरावर येता.

हे आकडे आणायचे कसे? हौदापाशी जाऊन उभं राहा आणि फोनमधल्या नकाशावर बोट दाबून धरा. पण बोळांमध्ये उंच इमारतींवर आपटून जीपीएस भरकटतो. माझ्या फोनने मला एकदा शेजारच्या गल्लीत उभं केलं होतं. म्हणून घरी आल्यावर कॉम्प्युटरवर उपग्रहाचं चित्र लावून देऊळ, चौक, वळण यांच्याशी ताळा करा. हौद छपराखाली असेल तर वरून दिसणार नाही, तेव्हा जागेवर असतानाच वहीत लिहून ठेवा : देवळाच्या मागच्या कोपऱ्यापासून इतकी पावलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने शहरात पाणी आणलं, ते काही उपग्रहाला दिसावं म्हणून नव्हे. आणि हौद खासगी वाड्यात असेल तर मालकांना विचारल्याशिवाय खूण टोचू नका. त्यांची ना असेल तर फक्त पेठेचं नाव लिहा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर देशाच्या सीमा प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे दाखवतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा छापणं १९६१च्या कायद्यात बसत नाही, सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. तुम्हाला काश्मीर दाखवायचंच नाहीये. किमान झूम १२ ठेवा, पुणे आणि आजूबाजूची गावं यापलीकडे नकाशा मागे जाणारच नाही.

नकाशाची उंची मोबाइलच्या निम्म्या पडद्याएवढीच ठेवा. पडदाभर ठेवलात तर पान सरकवायला गेलेलं बोट नकाशातच अडकतं.

प्रश्न : माझं पोळी-भाजी केंद्र आहे. वेबसाइटवर पत्त्याखाली नकाशा हवाय. कोणतं प्लगइन घेऊ?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : कोणतंच नाही. एका दुकानाला प्लगइन कशाला? गूगल मॅप्सवर तुमचं केंद्र उघडा, ‘शेअर’मध्ये ‘एम्बेड’ निवडा, मिळालेला कोड वर्डप्रेसच्या ‘कस्टम एचटीएमएल’ ठोकळ्यात चिकटवा. याला चावी नाही, कार्ड नाही. खाली जवळच्या बसथांब्याचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा, कारण नकाशा बघून निघालेलं गिऱ्हाईकही कोपऱ्यावर येऊन “नेमकं कुठे?” असं विचारायला फोन करतंच.