अमेरिकेत इमिग्रेशनच्या कारवाईत अडथळा आणला म्हणून न्यायाधीशावर फौजदारी खटला चालू शकतो का?

हो, चालू शकतो. न्यायाधीशांना मिळणारं संरक्षण त्यांच्या न्यायिक कामावरून होणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांपुरतं असतं, फौजदारी गुन्ह्याला ते लागू होत नाही. मिलवॉकीच्या तेव्हाच्या न्यायाधीश हॅना डुगन यांना एप्रिल २०२५ मध्ये अटक झाली. आयसीईचे (इमिग्रेशन कायदा अंमलात आणणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे) लोक त्याला पकडायला बाहेर थांबलेले असताना त्यांच्या कोर्टात आलेल्या एका आरोपीला ज्युरीसाठीच्या वेगळ्या दारातून जाऊ दिल्याचा ठपका होता. डिसेंबरमध्ये ज्युरीने कारवाईत अडथळा आणल्याबद्दल त्यांना दोषी धरलं, आरोपीला लपवल्याच्या किरकोळ गुन्ह्यातून मात्र सोडलं. एक फरक लक्षात ठेवा: इमिग्रेशनच्या अटकेसाठीच्या प्रशासकीय वॉरंटवर सही आयसीईच्याच अधिकाऱ्याची असते, न्यायाधीशाची नाही. त्यामुळे तेवढंच वॉरंट असेल तर आयसीईला खासगी दालनात प्रवेश नाकारणं वेगळं, आणि त्या माणसाला दुसऱ्या वाटेने बाहेर काढणं वेगळं. खटला उभा राहतो तो या दुसऱ्या कृतीवर.