सेंट लुईस : आर्च सोडून काय आहे?

प्रश्न असा आहे : "आई-बाबा भारतातून आलेत. आईचे गुडघे दुखतात. शिकागोहून गाडीने तीन दिवस सेंट लुईसला जायचा विचार आहे. जो तो म्हणतो, आर्च सोडून तिथे काही नाही. इतिहास, चित्रं, संगीत यांची आवड आहे. जावं का? आणि क्रम कसा लावावा?"

जरूर जा. आर्च, म्हणजे नदीकाठची ती उंच पोलादी कमान, हे तर या शहरातलं सगळ्यांत लवकर उरकणारं काम आहे, दोन-अडीच तास पुरतात. खरा ऐवज फॉरेस्ट पार्क या मोठ्या उद्यानात, लिंडेल आणि ग्रँड या रस्त्यांवर आणि मिसिसिपी नदीपलीकडे इलिनॉयमध्ये आहे. त्यातलं बरंचसं फुकट आहे. वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं ते आर्चचं, बाकीचं वार पाहून लावायचं.

वारावरून सुरुवात करतो, कारण बेत फसतो तो तिथे. सोमवार टाळा. कलासंग्रहालय आणि इतिहास संग्रहालय दोन्ही सोमवारी बंद असतात. शुक्रवार ते रविवार उत्तम. शुक्रवारी कलासंग्रहालय रात्री ९ पर्यंत उघडं असतं आणि एरवी तिकीट लागणारी खास प्रदर्शनंही त्या दिवशी फुकट असतात. शिकागोहून अंतर सुमारे ३०० मैल आहे. सकाळी लवकर निघालात तर वाटेत थांबत थांबतही दुपारी दोनपर्यंत पोहोचाल.

शुक्रवारी दुपारी आधी लिंडेल रस्त्यावरचं कॅथीड्रल बघा. इथे एक घोळ हमखास होतो. शहरात दोन 'बॅसिलिका' (खास मान दिलेली कॅथलिक चर्च) आहेत आणि नावं जवळजवळ सारखी. एक आर्चच्या पायथ्याशी, १८३४ ची, लहान आणि साधी, लोक तिला ओल्ड कॅथीड्रल म्हणतात. मोझॅकवाली, म्हणजे काचेच्या तुकड्यांच्या चित्रांची, ती दुसरी, चार-पाच मैल पश्चिमेला, सेंट्रल वेस्ट एंड भागात. फोनच्या नकाशात पत्ता घालताना 'लिंडेल बुलेव्हार्ड' लिहिलंय ना ते बघा.

आत गेल्यावर डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. भिंती, कमानी, घुमट मिळून सुमारे ८३,००० चौरस फूट मोझॅक आहे : काचेचे ४ कोटी १५ लाख तुकडे, रंगछटा ७,००० च्या वर. काम १९१२ ला सुरू झालं आणि १९८८ ला संपलं. म्हणून शैली एकसारखी नाही. काही भाग इटालियन वळणाचा, नाजूक. घुमटाखालचा मुख्य भाग बायझंटाईन, सोनेरी आणि भारदस्त. बाजूच्या छोट्या प्रार्थनाकक्षांपासून सुरू करून घुमटाखाली शेवटी या, म्हणजे फरक आपोआप दिसतो. प्रार्थना किंवा लग्न चालू असेल तर फिरता येत नाही. शनिवारी लग्नं असतात, रविवारी सकाळी मास (सामुदायिक प्रार्थना), म्हणून शुक्रवार दुपार सुचवली. प्रवेश फुकट. आईंना बसायला बाकं भरपूर.

तिथून फॉरेस्ट पार्कमधलं कलासंग्रहालय गाडीने दहा मिनिटं. ही टेकडीवरची इमारत कॅस गिल्बर्टने १९०४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधली. त्या प्रदर्शनातले बाकीचे महाल प्लास्टर आणि तागाच्या मिश्रणाचे होते, दिसायला संगमरवरी. प्रदर्शन संपल्यावर पाडून टाकले. हीच एवढी पक्क्या बांधणीची ठेवली होती. त्यामुळे उद्यानात फिरताना "हे १९०४ चं का?" असं प्रत्येक जुन्या वास्तूबद्दल वाटलं तरी उत्तर बहुधा 'नाही' असतं. वर्ल्ड्स फेअर पॅव्हिलियन नावाची वास्तूसुद्धा प्रदर्शनानंतरची आहे. कलासंग्रहालयाखेरीज जागेवर उरलेला मोठा अवशेष म्हणजे प्राणिसंग्रहालयातला पक्ष्यांचा भव्य पिंजरा.

संग्रहालयात सगळं बघायला जाऊ नका. माझ्या मते इथली न चुकवण्याची गोष्ट मॅक्स बेकमन. नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागलेला हा चित्रकार १९४७ पासून दोनेक वर्षं इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवत होता, आणि त्याच्या चित्रांचा जगातला सगळ्यांत मोठा संग्रह इथे आहे. जाड काळ्या रेषा, कोंबलेल्या आकृत्या. पहिल्या नजरेत आवडेलच असं नाही, पण एका दालनात इतकी एकत्र पाहिली की माणूस कळायला लागतो. २०१३ साली डेव्हिड चिपरफील्डने जोडलेला पूर्वेकडचा भाग छतातून झिरपणाऱ्या उजेडासाठी पाहण्यासारखा आहे, तेव्हा दिवस मावळायच्या आत तिथे जा. चाकाची खुर्ची संग्रहालयात मिळते, संकोच न करता मागा. तळघरातल्या पार्किंगला पैसे पडतात.

हे सगळं फुकट कसं, असं बाबा विचारतीलच. शहर आणि आसपासच्या काउंटीच्या रहिवाशांनी १९७१ मध्ये मतदान करून मालमत्ताकरात एक छोटा हिस्सा प्राणिसंग्रहालय आणि संग्रहालयांसाठी बांधून दिला. म्हणून कलासंग्रहालय, इतिहास संग्रहालय, सायन्स सेंटर आणि प्राणिसंग्रहालय या चारही ठिकाणी आत जायला तिकीट नाही. प्राणिसंग्रहालयाच्या आवारात गाडी लावायचे मात्र घेतात.

शनिवारी सकाळी आर्च. तिकीट आधीच, दिवसातलं पहिलं किंवा दुसरं, असं काढा. दारात विमानतळासारखी तपासणी असते. सुरी, सुपारीचा अडकित्ता असलं काही बाबांच्या पिशवीत नाही ना ते हॉटेलातच बघा. तिकिटावरच्या वेळेच्या अर्धा तास आधी दारात हवेत. दार कमानीच्या पायांशी नसून शहराच्या बाजूला, जुन्या कोर्टासमोर आहे. २०१८ च्या आधीच्या लेखांत आणि व्हिडिओंत पायांशी असलेली दारं दाखवतात, त्यावर जाऊ नका.

आता गुडघ्यांचा मुद्दा. वर नेणाऱ्या ट्रॅमला चाकाची खुर्ची चालत नाही. जाऊन-येऊन मिळून सहा जिने, ९६ पायऱ्या आहेत. डबा म्हणजे पाच फूट व्यासाचं पिंप, दार चारेक फूट उंच, आत पाच जणांनी गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. वर जायला ४ मिनिटं, खाली यायला ३. वर स्वच्छतागृह नाही. बंद जागेची भीती असेल तर खाली त्या डब्याची प्रतिकृती ठेवलीय, तिच्यात आधी बसून बघा. माझं स्पष्ट मत : आईंना वर नेऊ नका. खालचं संग्रहालय फुकट आहे, मोठं आहे, सपाट आहे, आणि वरचं दृश्य तिथे पडद्यावर दिसतं. बाबा आणि तुम्ही वर जाऊन या.

वर जाणाऱ्यांनी यंत्रणेकडे लक्ष द्यावं. कमानीचे पाय वाकडे असल्यामुळे साधी लिफ्ट चालली नसती. डिक बाउझर नावाच्या, इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या माणसाला दोन आठवड्यांची मुदत मिळाली आणि त्याने लिफ्ट आणि जत्रेतला आकाशपाळणा यांचं लग्न लावलं. आठ डबे एका माळेत वर ओढले जातात आणि उतार बदलेल तसे स्वतःभोवती थोडे थोडे फिरून सरळ होतात. तो खटका बसतो तेव्हा घाबरायचं कारण नाही. वरच्या खिडक्या फक्त ७ इंच उंच आणि २७ इंच रुंद आहेत. कारण पत्राच इथे भार वाहतो, आत वेगळा सांगाडा नाही. शेवटचा तुकडा बसवायला दोन्ही पाय जॅक लावून एकमेकांपासून दूर रेटावे लागले होते. त्या सकाळी, २८ ऑक्टोबर १९६५ ला, उन्हाने फुगलेल्या दक्षिणेच्या पायावर आगीच्या बंबांनी पाणी मारत होते. उंची ६३० फूट, रुंदीही तेवढीच. लांबून उंच जास्त वाटते, हा डोळ्यांचा खेळ.

पण आर्चभोवतीची हिरवळ बघून एक गोष्ट ध्यानात घ्या. १७६४ साली फ्रेंच व्यापाऱ्यांनी वसवलेलं मूळ गाव इथेच होतं. इतिहासाचं स्मारक करायचं म्हणून १९३९ नंतर नदीकाठचे सुमारे ४० चौक पाडले. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांची गोदामं, पेढ्या, सगळं गेलं. कमान सुंदर आहे, पण तिची किंमत ही आहे. वाचलेल्यांत ते छोटं ओल्ड कॅथीड्रल आणि समोरचं जुनं कोर्ट. ड्रेड स्कॉट आणि हॅरिएट स्कॉट या गुलाम जोडप्याने १८४६ मध्ये स्वातंत्र्यासाठी दावा लावला, त्याची सुनावणी १८४७ आणि १८५० मध्ये या कोर्टात झाली. पहिल्यांदा ते हरले, १८५० ला जिंकले. पुढे १८५२ मध्ये मिसुरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, १८५७ साली वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या विरुद्ध निकाल दिला आणि यादवी युद्ध जवळ आलं. दुरुस्तीनंतर ही इमारत मे २०२५ मध्ये पुन्हा उघडली, आता लिफ्ट आहे. आर्चपेक्षा इथे जास्त वेळ द्या.

नदी बघायची तर ईड्स पुलावर जा. आर्चच्या उत्तरेला, पायी दहा-पंधरा मिनिटं. वरच्या मजल्यावर पादचाऱ्यांसाठी वाट आहे आणि कमान आणि नदी एका नजरेत येतात ती तिथूनच. जेम्स ईड्सने आयुष्यात याआधी एकही पूल बांधला नव्हता. बुडालेल्या बोटींमधला माल काढण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे या नदीचा तळ कसा सरकतो ते त्याला ठाऊक होतं. खांब थेट खडकावर टेकवायचे म्हणून नव्वद फुटांहून खोल, दाबाच्या हवेच्या पेट्यांत माणसं उतरवली. वर येताना दाब झपाट्याने उतरल्यामुळे रक्तात हवेचे बुडबुडे होऊन डझनभराहून अधिक कामगार दगावले. पूल १८७४ ला खुला झाला. पोलादाच्या कमानी लोकांना नव्या होत्या, म्हणून आधी हत्ती चालवून दाखवला. कच्च्या जागेवर हत्ती पाऊल ठेवत नाही असा समज. खालच्या मजल्यावरून आज मेट्रोलिंक या शहरी रेल्वेची गाडी जाते. आईंना पूल चालणं जड वाटलं तर त्या गाडीने लॅक्लीड्स लँडिंग ते पलीकडचं ईस्ट रिव्हरफ्रंट असा एका स्थानकाचा फेरा मारून आणा.

वसंतात, म्हणजे मार्च ते जून, निघण्याआधी नदीची पातळी बघून घ्या. सेंट लुईसच्या मापकावर ३० फूट ही पुराची रेषा. ती ओलांडली की आर्चच्या पायऱ्यांखालचा काठावरचा रस्ता पाण्यात जातो आणि बोटीची फेरी रद्द होऊ शकते. १९९३ च्या पुरात पाणी ४९.५८ फुटांवर गेलं होतं. दुसरं वेळापत्रक बेसबॉलचं : कार्डिनल्स या इथल्या संघाचा सामना घरच्या मैदानावर असेल त्या दिवशी डाउनटाउनमधलं पार्किंग कित्येक पट महागतं. अशा दिवशी गाडी हॉटेलवरच ठेवून मेट्रोलिंकने या.

दुपारी उन्हाळा असेल तर चालणं थांबवा, जुलैत दमट उकाडा मुंबईच्या मे महिन्याला मागे सारतो. गाडीतूनच वेनराइट इमारत दाखवा : सातवा रस्ता आणि चेस्टनट यांच्या कोपऱ्यावर, १८९१ ची, लुई सलिव्हनची, फक्त दहा मजली. उंच इमारतीने उंचच दिसावं, आडवे थर मांडू नयेत, हा विचार इथे पहिल्यांदा नीट उतरला. बाहेरूनच बघायची, छपराखालची टेराकोटाची वेलबुट्टी चुकवू नका. मग युनियन स्टेशनचं १८९४ चं ग्रँड हॉल. दाराच्या कमानीच्या एका टोकाला भिंतीकडे तोंड करून आईंना उभं करा, दुसऱ्या टोकाला बाबा. हळू बोललेलं स्पष्ट ऐकू येतं.

संध्याकाळी संगीत. जून मध्य ते ऑगस्ट मध्य असाल तर फॉरेस्ट पार्कमधलं म्युनी हे खुलं नाट्यगृह, आसनं सुमारे ११,०००. शेवटच्या नऊ रांगांतल्या दीडेक हजार जागा फुकट, आधी येईल त्याला. दार सातला उघडतं, साडेसहापर्यंत रांगेत उभे राहा, दुर्बीण न्या. चढ आहे, म्हणून आईंसाठी खालचं तिकीट काढलेलं बरं. हिवाळ्यात ग्रँड रस्त्यावर पॉवेल हॉलमध्ये सिंफनी; १८८० ची ही वाद्यवृंद संस्था देशातली दुसरी सगळ्यांत जुनी. त्याच परिसरात पुलित्झर आर्ट्स फाउंडेशन आहे, टाडाओ आंडोची २००१ मधली वास्तू. नुसतं काँक्रीट, पाणी आणि उजेड; मागच्या अंगणात रिचर्ड सेराचं वळत जाणारं गंजक्या पोलादाचं शिल्प, ज्याच्या आत चालत जायचं. फुकट, पण आठवड्याचे सुरुवातीचे दिवस बंद असतं.

रविवारी परतीच्या वाटेवर काहोकिया. शिकागोचा आय-५५ महामार्ग तुम्हाला कॉलिन्सव्हिलजवळून नेतोच, म्हणून ते शेवटी. कोलंबसाच्या कितीतरी आधी, साधारण १०५० ते १२०० या काळात, इथे मिसिसिपीयन या मूळ अमेरिकन लोकांचं हजारो वस्तीचं शहर होतं. मंक्स माउंड हा मुख्य मातीचा ढिगारा १०० फूट उंच आहे, पायथा १४ एकर, आणि सगळी माती टोपल्यांनी वाहिलेली. पायऱ्या दीडशेच्या आसपास, कठडा आहे, सावली अजिबात नाही; नऊच्या आत पोहोचा. वरून पश्चिमेला आर्च दिसते. खुद्द सेंट लुईसमध्येही असे ढिगारे होते, पण १८६९ पर्यंत त्यातला सगळ्यांत मोठा सपाट करून माती रेल्वेच्या भरावाला वापरली. माहिती केंद्र २०२२ पासून दुरुस्तीसाठी बंद ठेवलं होतं, तेव्हा निघण्याआधी संकेतस्थळ बघा. आईंसाठी पायथ्याची सपाट वाट आहे.

खाण्याचं थोडक्यात. 'टोस्टेड रॅव्हिओली' (सारण भरून तळलेला पास्ता) हा इथला मानाचा पदार्थ, पण आत बहुतेक ठिकाणी बीफ असतं; विचारल्याशिवाय मागवू नका. शाकाहाऱ्यांसाठी साउथ ग्रँड भागात थाई, व्हिएतनामी, इथिओपियन हॉटेलं जवळजवळ आहेत. चिपेवा रस्त्यावर टेड ड्रूझचं फ्रोझन कस्टर्ड (आइस्क्रीमसारखं) घ्या. ते इतकं घट्ट की कप उलटा करून देतात. त्यात अंडं असतं, आई खात नसतील तर आधीच सांगा. आणि गाडीत पिशवी, फोनची वायर, काहीही दिसेल असं ठेवू नका, काच फोडून नेतात. सामान डिकीत टाकायचं तर हॉटेलवरूनच टाकून निघा, पार्किंगमध्ये पोहोचल्यावर नाही.