शेळ्या गाभडल्या होत्या का?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकीय साथरोगतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझ्या मुलीने बी.व्ही.एस्सी. पूर्ण केलं. आम्हाला वाटत होतं, दवाखाना टाकेल नाहीतर पशुधन विकास अधिकाऱ्याची परीक्षा देईल. ती म्हणते, साथरोगशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करून सार्वजनिक आरोग्यात जाणार. माणसांच्या आरोग्य खात्यात गुरांच्या डॉक्टरचं काय काम? पाहुणे विचारतात तेव्हा मला काही सांगता येत नाही.
– एक आई, गडहिंग्लज

उत्तर : ताई, पाहुण्यांना सांगायला एक प्रसंगच देते.

काही वर्षांपूर्वी घाटावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी ओपीडीचं रजिस्टर चाळत होते. एकाच वाडीतली चार माणसं दोन महिने पुन्हा पुन्हा येत होती. संध्याकाळी ताप चढतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते, सांधे दुखतात. टायफॉइडची औषधं दोनदा देऊन झाली होती. पाण्याचे नमुने झाले, डासांची पाहणी झाली, हाती काही लागलं नाही. मी वाडीवर गेले, पहिल्याच घराच्या ओट्यावर टेकले आणि विचारलं, "मावशी, यंदा शेळ्या गाभडल्या होत्या का?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "पाच गाभडल्या. तुमाला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं. गाभडणं म्हणजे दिवस भरण्याआधीच गर्भ पडणं. अडकलेली वार मावशींनी स्वतःच्या हाताने ओढून काढली होती. त्याच आठवड्यात गवत कापताना विळा लागून त्यांचं बोट कापलं होतं. मेलेली करडं उकिरड्यावर टाकली होती. धाकटा नातू शेळीचं धारोष्ण दूध प्यायचा आणि चार तापकऱ्यांपैकी एक तोच होता. रक्ततपासणीत ब्रुसेलोसिस निघाला, ज्याला गुरांच्या दवाखान्यात आपण सांसर्गिक गर्भपात म्हणतो. तो सहा आठवड्यांच्या औषधांनी बरा होतो, पण आधी कुणाला तरी शेळीची आठवण व्हावी लागते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या रजिस्टरात त्या पाचपैकी दोन शेळ्यांची नोंद होती. ते रजिस्टर आणि ओपीडीचं रजिस्टर यांच्यात अंतर होतं सहा किलोमीटरचं. ती दोन्ही कुणी एका टेबलावर ठेवलीच नव्हती.

ताई, ती एका टेबलावर ठेवणं हेच तुमच्या लेकीचं काम असेल. जनावर कधी आजारी पडलं, माणूस कधी, मधे किती दिवस गेले, कुणी कशाला हात लावला, हे सगळं विचारायचं, कागदावर मांडायचं आणि आणखी कोण आजारी पडू शकतं ते आधी ओळखून त्याच्या दारात पोचायचं. नुसत्या औषधावर हे भागत नाही. त्या वाडीत आम्ही हातमोजे वाटले, वार आणि मेलेली करडं चुना टाकून खोल पुरायला लावली, दूध उकळूनच घ्यायचं हे घरोघर पटवलं. गाई-म्हशींमध्ये हा आजार रोखायला ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना एकदा लस देतात. ती मोहीम गावात येते त्या दिवशी लोक जनावरं रानात पाठवतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

थेट पशुवैद्यकीय साथरोगतज्ज्ञ या नावाची जागा प्रत्येक जिल्ह्यात मिळेलच असं नाही, हे मुलीला आधीच माहीत असू द्या. पण माणूस आणि जनावर यांचं आरोग्य एकत्र बघायचा विचार आता सरकारदरबारी पोचला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. लेकीला अडवू नका. अशा मुलींची आम्हाला फार गरज आहे.

प्रश्न : शेजाऱ्यांची म्हैस पिसाळून मेली. महिन्यापूर्वी तिला कुत्रं चावलं होतं. मरायच्या दोन दिवस आधीपर्यंत तिचं दूध दहा-बारा घरांत जात होतं. आता सगळी आळी इंजेक्शन घ्यायला निघाली आहे. आम्ही फक्त चहा घेतला होता. आम्हीही घ्यावं का?
– एक वाचक, ता. पंढरपूर

उत्तर : चहासाठी, तापवलेल्या दुधासाठी इंजेक्शन घ्यायची गरज नाही. दूध उकळलं की रेबीजचा विषाणू मरतो. कुणी कच्चं दूध प्यायलं असेल तर त्याने तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं, ते ठरवतील.

पण दादा, मला काळजी तुमच्या चहाची नाही. त्या म्हशीच्या तोंडात हात कुणी घातला होता?

पिसाळलेली म्हैस कुत्र्यासारखी अंगावर येतेच असं नाही. ती वैरण तोंडात घेते पण गिळत नाही. लाळेच्या तारा लोंबतात, आवाज घोगरा होतो, ती सारखी हंबरते. मालकाला वाटतं घशात काही अडकलं, एखादं कणीस नाहीतर आंब्याची कोय. तो बाही वर करतो आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. म्हशीच्या दाढांच्या कडा धारदार असतात आणि लाळेत विषाणू असतो.

अशाच एका गावात मी पोचले तेव्हा आरोग्य केंद्राबाहेर शंभरेक माणसं रांगेत होती. मी वही घेऊन रांगेच्या टोकापासून एकेकाला विचारत गेले, "म्हशीशी तुमचा संबंध काय आला?" दूध. चहा. दूध. लग्नातली बासुंदी. रांग संपली तरी हात घालणारा सापडेना. शेवटी एक आजी म्हणाल्या, "धाकट्यानं घातलाय हात, पण तो उसाला पाणी द्यायला गेलाय. या आठवड्यात दिवसाची लाइट हाय." बांधावर जाऊन मी त्याचा हात पाहिला. मनगटाच्या वर तीन ओरखडे होते, त्यावर वाळलेली हळद. तो म्हणत होता, चार दिवस झाले, भरत आलंय. मोटर बंद करून त्याला तसाच जीपमध्ये घातला. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुतला, जखमेत सिरमचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन दिलं आणि लस त्याच दिवशी सुरू केली. आज घेतली की तिथून ३, ७ आणि २८व्या दिवशी पुढच्या मात्रा. चारही पूर्ण केल्या त्याने, शेवटच्या मात्रेला मी स्वतः फोन करून बोलावलं. आज तो ठणठणीत आहे.

रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून त्या रांगेने मी अस्वस्थ झाले होते. केंद्रात लशीच्या कुप्या मोजक्याच असतात. त्या चहा प्यायलेल्यांवर संपल्या असत्या आणि बांधावरचा पोरगा राहिला असता.

आज तुमच्या आळीत चौकशी करा. औषध पाजायला तोंड कुणी उघडलं? लाळ कुणाच्या जखमेवर किंवा डोळ्यात गेली? तपासायला आलेल्या पशुवैद्यकांनी तोंडात हात घातला होता का? या माणसांनी आजच केंद्रात जायचं. आणि ते कुत्रं त्या दिवशी आणखी कुणाकुणाला चावलं, हे शोधायला आरोग्यसेवकाला मदत करा. पोरं घरी ओरडा बसेल म्हणून चावल्याचं लपवतात. त्यांना जवळ घेऊन, न रागावता विचारा.

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेत काल एक वांदर मेलेला दिसला. शेजारी म्हणतात गुपचूप पुरून टाक, कळवलंस तर औषध मारायला माणसं येतील आणि ऐन हंगामात बाग बंद पडेल. काय करू?
– एक बागायतदार, दोडामार्ग

उत्तर : पुरू नका, काठीनेसुद्धा हलवू नका. हे वाचाल तेव्हा, आधी कळवलं नसेल तर लगेच आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला फोन करा.

तो वांदर माकडतापाने मेला असू शकतो. हा विषाणूचा ताप गोचीड चावल्याने माकडांना होतो, तसा माणसांनाही होतो. माकडतापाने माकड मेलं की त्याच्या अंगावरची गोचीड खाली पडते आणि पाचोळ्यात पसरते. तिथे काजूची बी वेचायला वाकलेला माणूस तिला आयताच सापडतो. तुम्ही माकड पुरलं तरी गोचीड तिथेच राहते, उलट खड्डा खणताना तीच तुमच्या पायावर चढते. औषधाची भुकटी मारतात ती या गोचिडीसाठी. माकड ताजं असेल तर नमुने घेता येतात. कुजलं की नमुन्यांचा फारसा उपयोग राहत नाही, म्हणून एकेक तास महत्त्वाचा.

हा आजार सापडला तोच मेलेल्या माकडांमुळे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची, म्हणजे आजच्या एनआयव्हीची, माणसं तिथे गेली. माकडं मरतात म्हणून आधी पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, शंका आली होती, पण विषाणू निघाला वेगळाच, गोचिडीतून येणारा. २०१५ मध्ये तो गोव्यात सत्तरी तालुक्यात दिसला आणि २०१६ मध्ये तुमच्याच तालुक्यातल्या केर गावात. केरच्या आठवणी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असतील.

बागेत जावंच लागलं तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गोचीड दूर ठेवणारं, आरोग्य केंद्रातून मिळणारं डेपा तेल हातापायांना लावा, परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि कडकडीत पाण्याने आंघोळ करा. त्या बाजूचा पातेरा यंदा गोठ्यात अंथरायला आणू नका. घरात कुणाला अचानक जोराचा ताप आला, डोकं आणि अंग असह्य दुखू लागलं, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की आमच्या बागेत वांदर मेला होता. तापाच्या माणसाजवळ बसायला घाबरू नका, हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही.

हंगाम बुडायची भीती मला कळते, वर्षाचा पैसा त्या बीत असतो. कळवताना अधिकाऱ्यांना हे मोकळेपणाने सांगा आणि औषध मारून झाल्यावर कुठल्या भागात कधीपासून बी वेचता येईल ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या. तोवर जवळच्या झाडाच्या फांदीला लांबून दिसेल असं लाल फडकं बांधून ठेवा, म्हणजे येणाऱ्यांना शोधत फिरावं लागणार नाही. आणि गुरं त्या अंगाला सोडू नका, त्यांच्या अंगावरून गोचीड थेट गोठ्यात येते.