क्लोज्ड-बॅक हेडफोनचा बेस कसा ओळखावा

क्लोज्ड-बॅक म्हणजे ज्याचे कप बाहेरच्या बाजूने बंद असतात असा हेडफोन. त्यात बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, कमी वाटला म्हणून लगेच हेडफोनला नावं ठेवू नका. आधी कुशन कानाभोवती नीट बसलीय का बघा. चष्म्याची काडी किंवा केस मध्ये आले की फट पडते आणि सगळ्यात आधी खालचा आवाज गळतो. चष्मा काढून ऐका, फरक लगेच कळेल.

मग एवढंच करा:

- इक्वलायझर (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची सेटिंग), बेस बूस्ट बंद.
- दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. मोठा वाजणारा उगाचच चांगला वाटतो.
- ओळखीचं तबल्याचं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्यावर तळवा सरकताना सूर चढलेला स्पष्ट ऐकू यायला हवा. नुसतं ‘धम्म’ होऊन गायकाचा आवाज त्यात बुडत असेल, तर तो बेस जास्त आहे, चांगला नाही.

ड्रायव्हरचा (आत आवाज काढणाऱ्या भागाचा) आकार, ग्राफ वगैरे आत्ता नकोच.