आठ इंची दुर्बिणीतूनही एनजीसी ७७८९ पुसट का दिसतो?

शर्मिष्ठा तारकासमूहातील हा तारकागुच्छ (एनजीसी या आकाशस्थ वस्तूंच्या यादीतील क्रमांक ७७८९) शहरातील गच्चीवरून तुमच्या आठ इंची दुर्बिणीत जेमतेम डागासारखा दिसतो, तर १७८३ मध्ये तो याहून लहान दुर्बिणीतून सापडलाच कसा, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या दुर्बिणीत काही उणे नाही. उणे आहे तो काळोख.

खगोल निरीक्षक कॅरोलाइन हर्शेल यांना तो इंग्लंडमधील डॅचेट येथे, भाऊ विल्यम यांनी धूमकेतू शोधण्यासाठी बनवून दिलेल्या सुमारे चार इंची परावर्ती, म्हणजे आरशाच्या, दुर्बिणीतून आढळला. तेव्हाचे आरसे तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. नुकताच घासलेला आरसाही साधारण साठ टक्केच प्रकाश परावर्तित करी आणि दमट हवेत तो लवकर काळवंडे. हे सारे हिशेबात धरले, तर तुमच्या दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश त्यांच्या सहापट तरी असावा. परंतु दुर्बीण गुच्छाबरोबर दिव्यांनी उजळलेले आकाशही गोळा करते, आणि गुच्छातील ठळक तारेच अकराव्या प्रतीच्या (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) आसपासचे असल्यामुळे बाकीचे त्या उजेडात बुडून जातात.

माझी दुर्बीणही आठ इंचीच आहे. घरून हा गुच्छ काचेवर श्वास सोडल्यासारखा दिसे. मार्गशीर्षातील एका अमावास्येला जुन्नर तालुक्यातील माळावर तीच दुर्बीण, तीच पंचवीस मिलिमीटरची नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) लावली, डोक्यावर काळे कापड घेतले आणि अर्धा तास एकही दिवा पाहिला नाही. नजर किंचित बाजूला ठेवताच धुक्यातून बारीक रव्यासारखे तारे सुटे होऊ लागले आणि त्यांच्या ओळींमधील काळ्या वळणदार रेघाही दिसल्या. या वळणांमुळेच त्याला कॅरोलाइनचा गुलाब म्हणतात, आणि ते नाव मला फार योग्य वाटते. तो प्रकाश सुमारे सात हजार वर्षे प्रवास करून आलेला असतो.

आजचे कॅमेरे अनेक छायाचित्रे एकावर एक रचून शहरातूनही हे तारे दाखवतात, तेव्हा तोही मार्ग आहे. डोळ्यांनी पाहायचे असेल, तर नोव्हेंबरमधील चंद्र नसलेल्या रात्री गावाबाहेर जा. शर्मिष्ठेच्या पश्चिम टोकाच्या तेजस्वी ताऱ्यापासून नैर्ऋत्येकडे सुमारे तीन अंश सरका. तेथे रो आणि सिग्मा या दोन मंद ताऱ्यांच्या मधोमध तो सापडेल. सुरुवात सर्वांत कमी वर्धनाच्या नेत्रिकेने करा.